दुसरी जागा

शुभदा,

तू नाहीस हे मला अजून दिवसातून चार-पाच वेळा नव्याने कळतं. परवा लॅबमध्ये स्क्रीनवर एक विचित्र लाट दिसली आणि मी मान न वळवताच म्हणालो, "अगं, इकडे ये, गंमत बघ." उत्तर आलं नाही म्हणून चिडून वळलो. तुझ्या खुर्चीवर कुणीतरी हेल्मेट काढून ठेवलं होतं. ज्याचं होतं त्याला मी इतकं बोललो की तो बिचारा दिवसभर माझ्यासमोर आला नाही.

छत्तीस वर्षांची बाई शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात पोहे भिजवते काय, आणि दुपारी एक वाजता डॉक्टर बाहेर येऊन मान हलवतात काय. हे माझ्या डोक्यात शिरतच नाही. आज तुझा तेरावा झाला. मी पंगतीत बसलो, जेवलोसुद्धा, आणि सारखं वाटत होतं की तू आतून वाढायला येशील आणि माझ्या ताटात नको म्हणताना भात टाकशील.

कारखान्याच्या नोटीस बोर्डावर तुझ्याबद्दल जे लावलंय ते मी उभ्या उभ्या वाचलं. जन्म, शिक्षण, नोकरीत रुजू. त्यात तू कुठेच नाहीस. म्हणून हे लिहायला बसलो. लिहिण्याचं आणखीही एक कारण आहे. ते पुढे सांगतो, आत्ता धीर होत नाही.

सहा वर्षांपूर्वी नितीनची रेल्वेत बदली झाली म्हणून तू मिरजेहून झाशीला आलीस आणि आमच्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात, चाचणी विभागात, माझ्या हाताखाली लागलीस. पहिल्याच दिवशी मी हिंदीत सगळ्यांना झापत होतो. तू शांतपणे विचारलंस, "सर, तुम्ही मराठी ना? मग मला मराठीत ओरडा की." मी गार पडलो. आमचं घराणं आठ पिढ्या झाशीत, पण कारखान्यात माझ्याशी मराठीत कुणी उलट बोललं नव्हतं. गणपतीत तू लक्ष्मी गेटला आमच्या घरी जेवायला आलीस तेव्हा मी बायकोला "वरण वाढायला ओगराळं आण" म्हटलं, तर तू तो शब्द मोबाइलमध्ये टिपून घेतलास. म्हणालीस, "दादा, मिरजेत हे माझ्या आजीनंतर कुणी म्हणालं नाही." त्या दिवसापासून सरचा दादा झालो. नंतर तू माझी मराठी सुधारायला घेतलीस. हे जे लिहितोय त्यातली निम्मी वाक्यं तुझ्यामुळे सरळ आहेत.

पण तू खरी आणलीस ती तुझी पद्धत. मी अठ्ठावीस वर्षं ट्रान्सफॉर्मरची टाकी ऐकत आलो. खोलीएवढी लोखंडी टाकी, आत तेल, तेलात तांब्याची वेटोळी. कुठे कागदाचं वेष्टण कच्चं राहिलं की तिथे बारीक ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगी टिक् करते. टाकीला बाहेरून चौदा सेन्सर चिकटवायचे आणि ती टिकटिक आत कुठून येते ते शोधायचं. उघडून बघणं सोपं नाही, कारण तेल काढा, झाकण उचला, सगळं सुटं करा. बाहेर चौदा कान, आत हजारो जागा. कागदावर मांडलं तर एका उत्तराऐवजी हवी तितकी उत्तरं निघतात आणि सगळी बरोबर बसतात. आम्ही जुने लोक त्यातलं एक अंदाजाने उचलायचो आणि त्याला अनुभव म्हणायचो.

मोठ्या साहेबांसमोर तू हे माझ्या गल्लीवरून समजावलंस. "सर, लक्ष्मी गेट की गली में खड़े होकर सूँघना है कि किस घर में भजिये तले जा रहे हैं." साहेब म्हणाले, "मतलब अब सूँघ के ट्रांसफॉर्मर पास करोगी?" सगळे हसले, तूही हसलीस, पण सोडलं नाहीस. एका वेळी सगळ्या घरांत भजी तळली जात नाहीत, दोन-चार घरांतच असतात, एवढं आधीच धरून चालायचं. मग गणिताला सांगायचं की जितकी जास्त घरं धरशील तितका तुला दंड. गणित दंड वाचवायला बघतं, बाकी सगळ्या घरांसमोर शून्य लिहितं आणि जी थोडकी घरं उरतात ते उत्तर. विरळ उत्तर, तू म्हणायचीस. पहिल्या वर्षी तुझ्या विरळ उत्तराने दाखवलेली जागा उघडली आणि तिथे काळी रेघ निघाली, तेव्हा मी सगळ्या शिफ्टला समोसे दिले होते. तुला सांगितलं नाही कधी, पण त्या संध्याकाळी मी घरी जाऊन बायकोला म्हणालो की निवृत्तीच्या आधी मला पुन्हा शिकायला मिळतंय.

तेव्हापासून मला त्या दंडाचं वेडच लागलं. आपला तो अकराच्या चहाचा खेळही माझाच. काहीतरी घडलेलं सांगायचं आणि कारणं शोधायची. ज्याचं उत्तर कमीत कमी कारणांत बसेल तो जिंकला, हरलेल्याने खाली जाऊन चहा आणायचा. एकदा तीन जण उशिरा आले होते, दोघांचे मोबाइल बंद होते आणि चौथ्याने बिनइस्त्रीचा शर्ट घातला होता. तू पाच कारणं जोडलीस. मी म्हटलं, सीपरी बाज़ारची लाईट गेली असणार. तू राहायला तिथेच. हात जोडून म्हणालीस, "गेली होती हो, पहाटेपासून." मी बहुतेक वेळा जिंकायचो आणि मला ते फार आवडायचं. तू चहा आणायला उठताना दर वेळी एकच बोलायचीस. "दादा, दंड किती ते आपण ठरवतो. म्हणजे शून्यसुद्धा आपणच ठरवतो." मी म्हणायचो, हरलेल्यांनी तत्त्वज्ञान सांगू नये.

आता त्या गुरुवारचं सांगतो.

सकाळपासून नवी टाकी लावलेली होती. गणिताने एकच जागा दाखवली, डाव्या वेटोळ्याच्या खालच्या अंगाला. मी खूश. तू मात्र ओठ चावत बसली होतीस. तुझं म्हणणं, तिथून वीतभर वर, इन्सुलेशनच्या पुठ्ठ्यामागे, दुसरी जागा असू शकते. दोन जागा इतक्या जवळ असल्या की चौदाही सेन्सरना त्या जवळजवळ सारख्याच ऐकू येतात. शेजारशेजारच्या दोन घरांत भजी तळली जात असली तर हे गणित दंड वाचवायला सगळी भजी एकाच घरात घालतं आणि शेजारणीसमोर शून्य लिहितं. हे मलाही माहीत होतं. पण वरून फोनवर फोन येत होते आणि एका जागेत सगळं बसत होतं. मी म्हटलं, "शुभदा, बसतंय ना? मग झालं." तू अहवालावर सही केली नाहीस. सहा वर्षांत पहिल्यांदा.

मधेच अकरा वाजले. तू चष्मा काढून डोळे चोळलेस आणि म्हणालीस, "दादा, आज माझ्यावर खेळू. चार दिवस डोकं दुखतंय, उतरत नाही. मान आखडलीय. आणि काल संध्याकाळी स्क्रीनवरची अक्षरं थोडा वेळ दोन-दोन दिसली. सांगा."

मी विचारलं, "हा चष्मा नवा का?"

"मागच्या आठवड्यातला."

"झालं तर. नंबर चुकलाय. म्हणून दोन दिसतं, म्हणून डोकं दुखतं, म्हणून मान वाकडी करून बसतेस. एका कारणात तिन्ही."

तू क्षणभर विचार केलास. मला तो क्षण आता सारखा दिसतो. तू तेव्हा म्हणायला हवं होतंस की दादा, दुसरं काही असू शकतं. सकाळभर टाकीबद्दल तू तेच तर सांगत होतीस. पण तू हसलीस आणि म्हणालीस, "हरले." आणि उठलीस. दोन जिने उतरून खाली गेलीस आणि दोन ग्लास घेऊन दोन जिने चढून वर आलीस, तसलं डोकं घेऊन. मी तुला जाऊ दिलं. चहा गार आहे म्हणून कुरकुरही केली.

शुक्रवारी तू माझ्याशी धड बोलली नाहीस. दिवसभर संगणकावर काहीतरी लावत होतीस. निघताना दारातून म्हणालीस, "सोमवारी बघू." मी वर न बघता म्हटलं, "बघू." एवढंच. सहा वर्षांच्या बडबडीचा शेवट एवढाच.

शनिवारी नितीनचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून स्कूटर काढली. इस्पितळात पोहोचलो तर तू आत होतीस आणि नितीन भिंतीला टेकून उभा होता, पायात चपला नव्हत्या. डॉक्टर येऊन म्हणाले, "दिमाग की नस फटी है. पहले कभी सिरदर्द, गर्दन में अकड़न, धुंधला दिखना, ऐसी कोई शिकायत?" एकेक शब्द माझ्या तोंडात मारल्यासारखा लागला. नितीनने माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरांना म्हणाला, "नहीं सर." डॉक्टर आत गेल्यावर त्याने मला विचारलं, "दादा, ऑफिसात काही म्हणाली होती का ती?"

मी म्हटलं, "नाही रे. काहीच नाही."

इतकं सहज निघालं ते तोंडातून! मी खोटं बोलणारा माणूस नाही, तुला माहीत आहे. पण त्या वेळी जीभ जराही अडखळली नाही. डॉक्टर पुन्हा बाहेर आले तेव्हा एक वाजला होता.

रविवारी सगळं उरकलं. सोमवारी सकाळी मी लॅबमध्ये गेलो, मेल उघडली आणि सगळ्यात वर तुझं नाव. आलेली वेळ त्याच सकाळची. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. बाजूचा म्हणाला, "क्या हुआ भाई साहब?" मी नुसतं स्क्रीनकडे बोट दाखवलं. मग कळलं की शुक्रवारी तू जे लावून गेली होतीस ते दोन दिवस चालत राहिलं होतं आणि संपल्यावर संगणकाने आपणहून मेल पाठवली होती. मजकूर तू आधीच लिहून ठेवलेला. "दादा, काही मापं वगळून, दंड कमीजास्त करून, तेच गणित पुन्हा पुन्हा चालवलंय. दुसरी जागा जवळजवळ दर वेळी आली तर मी जिंकले. क्वचितच आली तर तुम्ही. चहा तयार ठेवा." खाली निकाल होता. दुसरी जागा निम्म्या वेळा आली होती, निम्म्या वेळा नाही.

मला हसू आलं आणि मग मी बाथरूममध्ये जाऊन रडलो, मोठ्याने. बाहेर कुणी ऐकलं असेल तर ऐकू दे.

त्यानंतर मी पहिलं काम केलं ते म्हणजे साहेबांकडे जाऊन माझा अहवाल परत मागितला. साहेब म्हणाले, "रिपोर्ट में एक ही जगह लिखी है, और साइन आपके हैं." मी म्हटलं, "साइन मेरे हैं, तो काटूँगा भी मैं." पुठ्ठ्यामागची जागा उघडायची तर काम दोन दिवसांनी वाढत होतं. साहेबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि फार ताणलं नाही. त्यांनाही तुझं वाईट वाटलंय, शुभदा. माणूस वाटतो तितका कोरडा नाही.

काल सकाळी उघडलं. खालच्या जागी करंगळीएवढी काळी रेघ होती, गणिताने सांगितली होती बरोबर तिथे. मग वीतभर वरचा पुठ्ठा काढला. मी सगळ्यांना बाजूला करून स्वतः वाकलो, टॉर्च धरला, बोट फिरवून बघितलं. कागद कोरा होता. कुठे डाग नाही, करपल्याची खूण नाही. तू चुकली होतीस.

मला तुझा राग आला. खरंच सांगतो. मी इतके दिवस मनातल्या मनात आस धरून होतो की तिथे काळं निघावं. तू बरोबर ठरावीस, सगळ्यांसमोर माझं नाक कापलं जावं, मला काहीतरी शिक्षा व्हावी. आणि तू चक्क हरलीस! एकच जागा होती. माझी ही एका कारणाची सवय दहांत नऊदा बरोबर येते, कालही आली. म्हणून तर मी त्या गुरुवारी तुझ्याशी बोलताना पापणीसुद्धा लववली नाही. हे कळलं आणि मी घाबरलो. टाकीचं तेल, माणसाचं डोकं, मी सगळीकडे एकच दंड लावत आलो, आणि मला कुणी विचारलं नाही की किती लावताय. तू विचारायचीस, तर मी तुला चहा आणायला पाठवायचो.

संध्याकाळी मी नितीनकडे गेलो. टाकीचं सांगायला आलोय, तिला कळायला हवं होतं, असं काहीतरी निमित्त करून. दार तुझ्या लेकीने, रेवाने उघडलं आणि आत ओरडली, "पापा, दादा अंकल आए हैं." खाली बाजारात ऑटोंचा कलकलाट चालला होता. तुझा तो चष्मा टीव्हीशेजारी घडी करून ठेवलेला होता. टाकीचं निमित्त मी विसरूनच गेलो. रेवा आतल्या खोलीत जाईपर्यंत थांबलो.

"नितीन, मी तुला खोटं सांगितलं," मी म्हटलं. "इस्पितळात. तिनं मला सगळं सांगितलं होतं, गुरुवारी." आणि मग मी तो खेळ, तो चष्मा, ते "हरले", चहा, सगळं सांगून टाकलं. तो उठून मला घराबाहेर काढेल असं वाटत होतं. काढावं असंही वाटत होतं.

त्याने आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाला, "माहितीय मला."

"काय?"

"ती घरी येऊन हसत सांगत होती. दादांनी एका झटक्यात निकाल लावला म्हणून. दादा, मी शुक्रवारची डॉक्टरची वेळ घेतलेली. तिच्या मागं लागून लागून घेतलेली, इलाइट चौकाजवळच्या डॉक्टरची. ती म्हणाली, आता कशाला? मी म्हटलं, दादा म्हणतात तर तसंच असणार. रद्द केली. फोन मी केला. तिनं नाही, मी केला. आणि त्याच फोनवरनं शनिवारची चष्मेवाल्याकडची वेळ घेतली."

मी विचारलं, "मग डॉक्टरांना नाही का म्हणालास?"

"तुमच्याकडं बघितलं मी. तुम्ही हो म्हणाला असता तर मलाबी म्हणता आलं असतं."

बारा दिवस मी समजत होतो की हे सगळं ओझं माझ्या एकट्याचं आहे. त्याच्याकडे मी बघितलंच नव्हतं. बिचारा नवरा, त्याला काही माहीत नाही, असं धरून मी त्याच्या नावासमोर शून्य लिहून मोकळा झालो होतो. आणि तो माझ्याहून जास्त घेऊन बसला होता, रेवाची वेणी घालत होता, दहाव्याला आलेल्यांना चहा देत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर त्याने तो दोन्ही हातांनी धरला आणि सोडेना. आम्ही दोघं तसेच बसलो. 

निघताना तो जिन्यापर्यंत आला. म्हणाला, "शुक्रवारी सकाळी इस्पितळातल्या त्या डॉक्टरांना भेटायला जाणार आहे. खरं काय झालेलं ते सांगायचंय. आणि शुक्रवारी आली असती तर वाचली असती का, ते विचारायचंय. एकट्याच्यानं व्हायचं नाही. याल?"

मी हो म्हटलं. शुक्रवार म्हणजे उद्या. शुभदा, मला जायचं नाही. डॉक्टर "नाही, काही उपयोग झाला नसता" म्हणाले तर मी घरी येऊन झोपेन, आणि त्या झोपेची मला आत्ताच लाज वाटते. "हो, वाचली असती" म्हणाले तर परतीच्या वाटेवर नितीनशी काय बोलायचं मला माहीत नाही. तो दहा वाजता मला घ्यायला लक्ष्मी गेटला येणार आहे. मी खाली येऊन उभा राहीन.